एकच गॅझेटियर आणि वीस लेख : सामायिक संदर्भ कसे सांभाळावेत?

खानापूरकर_वाचक

नमस्कार. खानापूर, बेळगाव आणि निपाणी भागातील आम्ही सहा जण गेली दीड वर्षे मराठी विकिपीडियावर या परिसरातील गावे, नद्या, देवळे आणि किल्ले यांवरील लेख लिहितो व दुरुस्त करतो. दोघे निवृत्त शिक्षक आहेत, एक जण छापखान्यात काम करतो, बाकीचे महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. काम मनापासून चालले आहे, परंतु संदर्भांच्या बाबतीत आम्ही स्वतःच स्वतःभोवती गुंता करून ठेवला आहे, आणि तो सोडवण्याची पद्धत ठाऊक असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

आमचे बहुतेक लेख आठ-दहा साधनांवरच उभे आहेत. १८८४ सालचे मुंबई इलाख्याचे बेळगाव जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ), २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, दोन-तीन स्थानिक ग्रंथ आणि काही वर्तमानपत्रे, एवढीच आमची पुंजी आहे. साहजिकच तोच ग्रंथ मलप्रभा नदीच्या लेखात येतो, तोच कणकुंबीच्या लेखात येतो, आणि खानापूर तालुक्याच्या लेखातही येतो. दर वेळी लेखक, खंड, प्रकाशनस्थळ सगळे नव्याने टंकित करण्याचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही एका लेखातील संदर्भ उचलून दुसऱ्या लेखात चिकटवत गेलो. गुंता तिथून सुरू झाला.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, म्हणजे अडचणीचे स्वरूप लक्षात येईल. आमच्यापैकी एकाने खानापूर तालुक्याच्या लेखात १८८४ च्या ग्रंथाला ‘गॅझेटियर’ एवढेच नाव देऊन संदर्भ घातला होता (संदर्भाला नाव दिले की त्याच पानावर तो नुसत्या नावाने पुन्हा वापरता येतो). पुढे दुसऱ्याने हलशीच्या कदंब राजघराण्याविषयीचा एक परिच्छेद आपल्या धूळपाटीवरून (सरावाच्या पानावरून) त्याच लेखात आणला. त्यातही ‘गॅझेटियर’ याच नावाचा संदर्भ होता, मात्र त्याला अभिप्रेत असलेला ग्रंथ वेगळा होता. लेखाच्या तळाशी लाल अक्षरांत त्रुटीसंदेश दिसू लागला. तिसऱ्या सहकाऱ्याने तो संदेश घालवण्यासाठी दुसऱ्या संदर्भाचा मजकूर पुसून फक्त नाव ठेवले. लाल अक्षरे गेली, लेख नीटनेटका दिसू लागला, आणि कदंबांविषयीच्या वाक्यांना भलत्याच ग्रंथाचा आधार चिकटला. चार महिन्यांनी एका विद्यार्थ्याने तो ग्रंथ उघडून ते वाक्य शोधले, तेव्हा कुठे हे उघडकीस आले. त्या चार महिन्यांत तो परिच्छेद आणखी दोन लेखांत गेला होता.

दुसरा प्रसंग नावाचा आहे, आणि आपल्या भागात नावाचा प्रश्न किती नाजूक असतो हे येथे सांगायला नको. एका सदस्याने बेळगाव शहराचे नाव सर्वत्र एकसारखे असावे, या चांगल्या हेतूने काही लेखांत ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरली. लेखाच्या मजकुरात नाव बदलले, त्याबरोबर संदर्भातील ग्रंथांची शीर्षकेही बदलली, इतकेच नव्हे तर दुव्यांच्या पत्त्यातील नावही बदलले आणि ते दुवे उघडेनासे झाले. नाव कोणते असावे हा वाद मी येथे उपस्थित करत नाही. पण १८८४ साली छापलेल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जे आहे तेच संदर्भात राहिले पाहिजे, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे.

आता आमच्यात दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे असे की, प्रत्येक महत्त्वाच्या ग्रंथासाठी एक स्वतंत्र साचा (अनेक लेखांत मागवता येणारा तयार मजकूर) करावा, तोच सर्व लेखांत वापरावा, म्हणजे चूक सापडली तर एकाच जागी दुरुस्त करता येईल. काहींना वाटते की सर्व ग्रंथ विकिडेटावर (सर्व भाषांतील विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यावर) नोंदवावेत आणि तिथून संदर्भ आपोआप यावेत. मला दोन्हींची थोडी धास्ती वाटते, पण कारण नेमके मांडता येत नाही. आमच्यापैकी चौघे मोबाइलवरूनच संपादन करतात, हेही लक्षात घ्यावे.

साचेकार

आपण दिलेला पहिला प्रसंग अगदी नमुनेदार आहे. संदर्भाला दिलेले नाव हे केवळ त्या एका पानापुरते असते. त्याच पानावर एकाच नावाने दोन वेगवेगळे मजकूर आढळले की प्रणाली पहिला ग्राह्य धरते आणि तक्रार नोंदवते. ती लाल अक्षरे म्हणजे लेखाचा दोष नव्हता, तुमच्यात दोन ग्रंथांची गल्लत होत आहे, हे यंत्राला कळले होते आणि तुम्हाला कळले नव्हते. ती पुसण्याऐवजी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले असते, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

म्हणून पहिली गोष्ट नावांची. ‘गॅझेटियर’, ‘पुस्तक’, ‘जनगणना’ अशी नावे देऊ नयेत. नावात लेखक किंवा संस्था, विषय आणि वर्ष असावे, उदाहरणार्थ ‘कॅम्पबेल-बेळगाव-१८८४’. यातही आपल्या लिपीची एक गंमत आहे, जी इंग्रजी सूचनापानांवर कोणी सांगणार नाही. प्रणालीच्या दृष्टीने देवनागरी अंकांतील १८८४ आणि रोमन अंकांतील तेच वर्ष ही दोन वेगळी नावे आहेत. ‘गॅझेटियर’ आणि ‘गॅझेटिअर’ ही दोन वेगळी नावे आहेत. त्याहून फसवी जागा म्हणजे ‘ॲ’ हे अक्षर. काही कळफलक ते एकच चिन्ह म्हणून उमटवतात, काही कळफलक ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र बसवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला नाहीत. दोन फोनवरून लिहिलेले, दिसायला तंतोतंत एक असलेले नाव जुळत का नाही, यावर मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे. नावात ही अक्षरे टाळता आली तर टाळावीत, आणि अंक कोणते वापरायचे ते सहाही जणांनी एकदाच ठरवून टाकावे.

मोबाइलवर किंवा दृश्य संपादकातून (लेख दिसतो तसाच संपादित करण्याच्या सोयीतून) काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी आहे. दृश्य संपादकात एखादा संदर्भ पुन्हा वापरला की तो स्वतःच त्याला अपूर्णविरामापुढे शून्य, एक, दोन अशी नावे देतो. एका लेखातील ‘शून्य’ आणि दुसऱ्या लेखातील ‘शून्य’ यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. दोन लेखांचे विलीनीकरण केले, किंवा एक विभाग उचलून दुसरीकडे नेला, की हे शून्य एकमेकांवर आदळतात. तुमच्या लेखांमध्ये अशी नावे असतील तर एखाद्या रविवारी बसून ती बदलावीत, एवढेच सुचवतो. याच्या उलट प्रकारही घडतो. फक्त नाव असलेला संदर्भ नव्या लेखात जातो आणि त्याचा मूळ मजकूर जुन्याच लेखात राहतो. इंग्रजी विकिपीडियावर ॲनोमीबॉट नावाचा बॉट (आपोआप संपादने करणारा प्रोग्राम) असे अनाथ संदर्भ हेरून जुन्या आवृत्त्यांतून किंवा संबंधित लेखांतून त्यांचा मजकूर आणून घालतो. आपल्याकडे मात्र हे काम आपल्यालाच करावे लागेल, असे धरूनच चालावे.

आता प्रत्येक ग्रंथासाठी स्वतंत्र साचा करण्याविषयी. माझे मत विरोधी आहे. इंग्रजी विकिपीडियावर शोधनिबंधांच्या डीओआय क्रमांकावरून (प्रत्येक निबंधाच्या कायमच्या ओळखक्रमांकावरून) चालणारा असाच एक साचा बराच काळ होता. प्रत्येक निबंधाचा तपशील एका वेगळ्या उपपानावर राहत असे आणि लेखात केवळ क्रमांक लिहिला जाई. कालांतराने समुदायाने तो बाद केला. कारण साधे होते, लेख पाहणारे शेकडो असतात, पण त्या उपपानांकडे कोणाचेच लक्ष नसते. तिथे कोणी खोडसाळपणा केला किंवा चुकीची दुरुस्ती केली, तर ती एकाच वेळी सर्व लेखांत उमटते आणि एकाही लेखाच्या इतिहासात दिसत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रसंगातील ‘शोधा आणि बदला’ जर अशा साच्यावर झाले असते, तर वीस लेखांतील शीर्षक एका झटक्यात बदलले असते आणि त्या लेखांवर लक्ष ठेवणाऱ्या एकाही सदस्याच्या पहाऱ्याच्या सूचीत त्याची खूण उमटली नसती.

माझी सुचवण अशी की, लेखाच्या तळाशी ‘ग्रंथसूची’ असा विभाग करून त्यात ग्रंथाची पूर्ण नोंद एकदाच ठेवावी, आणि मजकुरातील तळटिपेत केवळ ‘कॅम्पबेल (१८८४), पृ. अमुक’ एवढेच लिहावे. ही पद्धत कोणत्याही साच्याशिवाय चालते, मोबाइलवर चालते, आणि पान क्रमांक प्रत्येक वाक्यापाशी राहतो. एकच नावाचा संदर्भ बारा वाक्यांना लावण्यातला खरा दोष हाच आहे की पान क्रमांक कुठे द्यायचा हे ठरत नाही, आणि मग तो दिलाच जात नाही. एकाच ग्रंथाचे वेगवेगळ्या पानांचे संदर्भ सुटसुटीत देता यावेत यासाठी विकिमीडिया जर्मनीच्या तांत्रिक गटाने मूळ संदर्भप्रणालीतच उप-संदर्भांची सोय विकसित केली आहे. ती तुमच्या रोजच्या वापरात येईपर्यंत हाताने लिहिलेली लघुटीप पुरेशी आहे.

ग्रंथालय_कट्टा

साचेकारांनी यंत्राची बाजू मांडली आहे, मी पुस्तकाची मांडते. मी याच भागातील एका वाचनालयात पंचवीस वर्षे पुस्तके नोंदवली आहेत, त्यामुळे माझा कल त्याच बाजूला असणार, हे गृहीत धरून वाचावे.

आपण ‘गॅझेटियर’ म्हणता, पण आपल्या भागाच्या संदर्भात त्या एका शब्दाखाली किमान तीन निरनिराळे ग्रंथ येतात. पहिला, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड, बेळगाव जिल्हा, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८४ साली मुंबईच्या सरकारी मध्यवर्ती छापखान्यातून निघालेला. दुसरा, त्याच मालिकेतील पहिल्या खंडाचा दुसरा भाग, १८९६ सालचा. कदंबांविषयीचा आपल्या सहकाऱ्याचा परिच्छेद बहुधा यातूनच आला असावा, कारण कानडी मुलखातील राजघराण्यांवरचे जॉन फ्लीट यांचे दीर्घ लेखन याच भागात आहे. तिसरा, स्वातंत्र्यानंतर कर्नाटक शासनाने प्रसिद्ध केलेला जिल्हा गॅझेटियर. वाचनालयात माणसे येतात आणि ‘ते जाड गॅझेटियर द्या’ म्हणतात, तेव्हा मी आधी विचारते, कुठल्या सालचे? विकिपीडियावर असे विचारणारे खिडकीपाशी कोणी बसलेले नसते, म्हणून ते उत्तर संदर्भातच लिहून ठेवावे लागते.

दुसऱ्या ग्रंथाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. मालिकेचे संपादक कॅम्पबेल आहेत, परंतु त्या भागात फ्लीट यांचे लेखन वेगळे आहे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा दख्खनचा प्राचीन इतिहासही त्याच भागात आहे. तेव्हा साचेकारांच्या पद्धतीने लघुटीप लिहिताना ‘कॅम्पबेल (१८९६)’ असे न लिहिता ‘फ्लीट (१८९६)’ किंवा ‘भांडारकर (१८९६)’ असे लिहावे. ज्याने वाक्य लिहिले त्याचे नाव टिपेत असावे.

पानांविषयी बोलते. १८८४ चा खंड स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाला आहे आणि त्याची स्कॅन केलेली प्रत महाजालावर मिळते, त्यामुळे तुमच्यातील बहुतेक जण तीच वापरत असणार. स्कॅनमध्ये मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका ही सारी पाने धरून पीडीएफ आपला क्रमांक चालवते आणि छापील ग्रंथ आपला वेगळा क्रमांक चालवतो. आपल्या लेखांपैकी दोन मी आत्ताच उघडून पाहिले. एकात छापील पान दिले आहे आणि दुसऱ्यात, मजकुरावरून दिसते की, पीडीएफचे. दोघांनीही प्रामाणिकपणे काम केले आहे आणि तरीही एकाचा संदर्भ वाचकाला भलत्या पानावर नेतो. पृष्ठाच्या माथ्यावर छापलेला आकडा हाच पान क्रमांक, हा नियम करावा.

जनगणनेच्या पुस्तिकेबाबत तर मला थोडे कठोर बोलावे लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, आणि हा आकडा योग्य संदर्भासह अनेक लेखांत आहे, यात काही अडचण नाही. पण तोच संदर्भ निपाणी तालुक्याच्या लेखात तालुक्याच्या लोकसंख्येला लावलेला दिसतो. २०११ साली निपाणी हा स्वतंत्र तालुकाच नव्हता, तो भाग चिकोडी तालुक्यात मोजला गेला. मग तो आकडा पुस्तिकेतून आला कसा? एकतर कोणीतरी गावांची बेरीज केली असावी, किंवा शहराचा आकडा तालुक्याला लावला असावा. बेरीज केली असेल तर तसे टिपेत लिहावे. नुसता पुस्तिकेचा संदर्भ चिकटवणे म्हणजे पुस्तिकेने न सांगितलेली गोष्ट तिच्या तोंडी घालणे आहे. जुन्या आकड्यांच्या बाबतीत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून वगळून कोल्हापूरकडे गेला, तेव्हा १९५१ चा जिल्हा आणि १९६१ चा जिल्हा हे एकच क्षेत्र नव्हे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाढीचा दर काढलेला लेख मी पाहिला आहे, आणि त्याला दोन निर्दोष संदर्भ होते.

तालुक्यांची नावेही ध्यानात ठेवावीत. जुन्या साधनांत सौंदत्तीचा तालुका परसगड या नावाने आणि बैलहोंगलचा तालुका संपगाव या नावाने येतो. संदर्भ तपासणाऱ्याने अनुक्रमणिकेत सौंदत्ती शोधली, तालुका म्हणून सापडली नाही, आणि ‘संदर्भात माहिती नाही’ असा शेरा मारून ओळ काढून टाकली, असे घडू शकते. टिपेत कंसात ‘परसगड या नावाखाली’ एवढे लिहिले की पुढच्याचे श्रम वाचतात.

वर्तमानपत्रांसाठी प्रकाशनस्थळ हवेच. ‘तरुण भारत’ बेळगावचाही आहे आणि नागपूरचाही आहे, आणि ती दोन वेगळी वृत्तपत्रे आहेत. बाहेरच्या वाचकाला ते ठाऊक नसते, आणि स्वयंचलित साधनांना तर मुळीच नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर शक असतो, तिथेही घाई नको. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय असते, पण जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावचे काँग्रेस अधिवेशन २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी भरले तेव्हा शके १८४६ चालू होते, आणि त्यानंतरच्या माघात त्याविषयी एखादी पुस्तिका छापली गेली असेल तर तिच्यावरही शके १८४६ असेल, परंतु ती १९२५ ची असेल. संदर्भात छापील शक जसाच्या तसा लिहावा आणि पुढे इसवी सन द्यावा. आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचा) रकाना अशा पुस्तकांसाठी रिकामा राहिला तरी हरकत नाही, ती पद्धत १९७० नंतरची आहे. तिथे कुठला तरी क्रमांक शोधून भरण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण तो बहुधा पुनर्मुद्रणाचा असतो आणि पुनर्मुद्रणाची पाने वेगळी असू शकतात.

राहिला प्रश्न कानडी साधनांचा. ती टाळू नयेत, आपल्या भागाचे अर्धे वृत्त त्यांत आहे. मूळ शीर्षक कानडी लिपीत, त्यापुढे देवनागरीत लिप्यंतर, आणि भाषा कानडी असल्याची नोंद, एवढे पुरते. शीर्षकाचे मराठी भाषांतर करून तेच मूळ शीर्षक म्हणून देऊ नये, कारण त्या भाषांतरावरून ते पुस्तक कोणत्याही सूचीत सापडणार नाही.

उलटतपासणी

साचेकारांशी मी अंशतः असहमत आहे. मध्यवर्ती नोंद सरसकट वाईट असती, तर फ्रेंच विकिपीडियाने संदर्भांसाठी स्वतंत्र नामविश्वच (पानांचा वेगळा विभाग) ठेवले नसते. तिथे ग्रंथाची पूर्ण नोंद तिच्या स्वतःच्या पानावर राहते आणि लेख ती मागवून घेतात. इंग्रजी विकिपीडियावर जे फसले ते कशामुळे, हेही पाहावे. तिथे अशी उपपाने प्रचंड संख्येने तयार झाली आणि त्यांना राखणदार उरला नाही. तुमचे आठ-दहा ग्रंथ आहेत. त्यांची आठ-दहा साचापाने सहाही जणांनी आपापल्या पहाऱ्याच्या सूचीत घातली, तर त्यांच्यावर लेखांपेक्षा जास्त लक्ष राहील. वापर वाढल्यावर प्रचालकांकडे (विशेष अधिकार असलेल्या सदस्यांकडे) पानाच्या संरक्षणाची विनंतीही करता येते. वीस लेखांच्या तळाशी तीच नोंद वीस वेळा लिहिली, तर वर्षभरात तिच्या सात वेगवेगळ्या आवृत्त्या तयार होतील, हेही विसरू नये. तुम्ही आत्ता त्याच अवस्थेत आहात.

मात्र माझी एक अट आहे. साच्यात केवळ ग्रंथाचे वर्णन असावे, म्हणजे लेखक, शीर्षक, खंड, स्थळ, वर्ष, आवृत्ती. पान क्रमांक साच्यात गोठवू नये, तो प्रत्येक लेखाने द्यावा, आणि पान दिले नाही तर साच्याने ‘पृष्ठ हवे’ असे ठळकपणे दाखवावे. साच्याच्या माहितीपानावर पहिलीच ओळ अशी लिहावी की, शीर्षक मुखपृष्ठाप्रमाणे आहे, ते आजच्या नावाप्रमाणे बदलू नये. ही ओळ वाचणारे कमी असतील, पण बदल उलटवताना तिच्याकडे बोट दाखवता येते.

विकिडेटाविषयी आपल्याला वाटणारी धास्ती निराधार नाही. तिथे ‘कृती’ आणि ‘आवृत्ती’ या दोन वेगळ्या नोंदी असतात. संदर्भ आवृत्तीला द्यायचा असतो, पण शोध घेतल्यावर कित्येकदा कृतीची नोंद आधी हाती लागते, आणि मग पुनर्मुद्रणाचे पान मूळ वर्षाच्या नावाने जाते. दुसरे असे की, तिथल्या नोंदीला प्रत्येक भाषेत एक लेबल असते, आणि ते लेबल म्हणजे छापील शीर्षक नव्हे. मराठी लेबल कोणीही बदलू शकतो, आणि जी मंडळी ते बदलतील ती आपल्या लेखांपर्यंत कधी येणारही नाहीत. ज्या शहराच्या नावाचा अधिकृत बदलही (बेळगावचे बेळगावी) १ नोव्हेंबर २०१४ चा, म्हणजे तसा अलीकडचाच आहे, त्याविषयीच्या ग्रंथांची शीर्षके तिथे शांत राहतील, असे मला वाटत नाही. ग्रंथांच्या नोंदी तिथे अवश्य कराव्यात, त्याचा इतर भाषांनाही उपयोग होतो, पण लेखातील टीप सध्या तरी स्वतः लिहावी. संदर्भांनी भरलेल्या मोठ्या लेखाला विकिडेटावरून डझनावारी नोंदी ओढायला लावल्या की पानही मंदावते.

मेलेल्या दुव्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. शासकीय संकेतस्थळांची मांडणी बदलते आणि जुने पत्ते बंद पडतात. दुवा घालतानाच त्याची प्रत वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या सेवेवर) जतन करून तो पत्ता आणि पाहिल्याची तारीख संदर्भात द्यावी. हे काम नंतर करू म्हटले की पुष्कळदा जतन करण्यासारखे काही उरलेले नसते.

खानापूरकर_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी आम्ही चौघे एकत्र बसलो, उरलेले दोघे फोनवर होते. ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रथम तीन गॅझेटियर वेगळी केली. ‘गॅझेटियर’ हे नाव असलेले संदर्भ एकोणीस लेखांत निघाले. त्यांतील अकरा खरोखर १८८४ चे आहेत, पाच १८९६ चे आहेत, आणि तीन कशाचे आहेत हे लिहिणाऱ्यालाही आता आठवत नाही. निपाणी तालुक्याच्या लोकसंख्येचा आकडा मीच घातला होता. तो शहराचा होता. काढून टाकला आहे आणि चर्चा पानावर तसे नोंदवले आहे.

साच्याच्या बाबतीत आम्ही मधला मार्ग घेतला. १८८४ चा खंड आणि जनगणनेची पुस्तिका या दोनच साधनांसाठी साचे करणार आहोत, पान क्रमांक त्यात ठेवणार नाही, आणि दोन्ही पाने सहाही जणांच्या पहाऱ्याच्या सूचीत जातील. बाकीच्या साधनांसाठी साचेकारांची लघुटीप. छापखान्यातील सहकाऱ्याने एक वही केली आहे, तिच्यात प्रत्येक ग्रंथाचे मुखपृष्ठ पाहून नोंद लिहिली आहे, आणि तीच पुढे प्रकल्प पानावर चढवू. पीडीएफच्या पानांचा घोटाळा मात्र अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. अकरापैकी सहा संदर्भ पीडीएफच्या पानांचे होते.

एकच प्रश्न उरतो. ज्या तीन संदर्भांचा ग्रंथच ठरत नाही, त्यांचे काय करावे? वाक्ये चुकीची आहेत असे वाटत नाही. त्यांतील एक वाक्य मलप्रभेच्या कणकुंबी येथील उगमाविषयीच आहे, आणि ते तर इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. संदर्भ काढला तर वाक्य निराधार दिसते, ठेवला तर तो खोटा ठरतो.

ग्रंथालय_कट्टा

सर, संदर्भ काढा आणि वाक्य ठेवा. त्याच्यापुढे ‘संदर्भ हवा’ ही खूण लावा. निराधार दिसणारे वाक्य पाहून कोणीतरी आधार शोधायला निघतो, पण ज्याला आधीच तळटीप आहे ते वाक्य कोणी तपासत नाही. संपादन सारांशात ‘ग्रंथ निश्चित न झाल्याने संदर्भ काढला, माहितीवर आक्षेप नाही’ असे लिहा, म्हणजे पुढचा माणूस वाक्यच उडवणार नाही.

उगमाच्या वाक्यासाठी १८८४ च्या खंडात नद्यांचे वर्णन सुरुवातीच्या प्रकरणात पाहावे, गावांच्या यादीत नव्हे. छापील प्रत हवी असेल तर येताना ओळखपत्र आणावे. तो खंड घरी देता येत नाही, पण टेबलावर बसून पाहता येतो, आणि पानाच्या माथ्यावरचा आकडा तिथेच वहीत उतरवून घेता येईल.